प्रगत अणुभट्ट्या आणि अमेरिकी काँग्रेसचे कायदे : परवाना, पैसा आणि इंधन

ऊर्जावेध

9 जुलै 2024 रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी अणुभट्ट्यांच्या परवान्याची वाट सुकर करणाऱ्या ॲडव्हान्स कायद्यावर स्वाक्षरी केली. अग्निशमन सेवांच्या अनुदानाच्या विधेयकाला जोडून तो संमत झाला आणि सिनेटमध्ये त्याच्या बाजूने 88, तर विरोधात अवघी 2 मते पडली. ज्या सभागृहात सरकारी खर्चाच्या नेहमीच्या विधेयकांवरूनही आठवडेच्या आठवडे रस्सीखेच चालते, तिथे अणुऊर्जेसारख्या विषयावर दोन्ही पक्ष एकदिलाने उभे राहिले, ही गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. हा कायदा सुटा पाहून मात्र त्याचे मोल कळत नाही. 2018 पासून एकामागून एक आलेल्या कायद्यांच्या रांगेत तो शेवटी उभा आहे, आणि ती रांग एकत्र वाचली की तिचे बळ आणि तिच्यातली उणीव दोन्ही दिसतात. माझे म्हणणे असे आहे की परवान्याचा प्रश्न काँग्रेसने मनापासून हाताळला. परंतु या अणुभट्ट्यांचे भवितव्य परवान्यापेक्षा इंधनावर आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या निधीवर अधिक अवलंबून आहे, आणि तिथे कायदे उशिरा पोहोचले.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. 1954 च्या अणुऊर्जा कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीची दारे उघडली, तेव्हा अणुऊर्जेचा प्रसार करणे आणि तिच्यावर अंकुश ठेवणे ही दोन्ही कामे अणुऊर्जा आयोग या एकाच संस्थेकडे होती. त्यातला विरोधाभास पुढे इतका ठळक झाला की 1974 मध्ये काँग्रेसने ती संस्था मोडली आणि नियमनासाठी स्वतंत्र अणुनियामक आयोग स्थापन केला. या आयोगाचे नियम पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या अणुभट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून वाढत गेले, आणि ते स्वाभाविकच होते, कारण उभारल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या भट्ट्या त्याच जातीच्या होत्या. परंतु द्रवरूप सोडियमने किंवा हेलियम वायूने थंड होणाऱ्या ‘प्रगत’ भट्टीचा अर्ज आला की तेच नियम आडवे येतात. ज्या भट्टीच्या गाभ्यात पाणीच नाही, तिच्या अर्जदाराने पाण्याच्या आपत्कालीन पुरवठ्याविषयीच्या नियमाचे काय करायचे? तो नियम आपल्याला का लागू होऊ नये, याचे समर्थन लिहायचे आणि सूट मागायची. असे प्रत्येक कलमासाठी करावे लागते, आणि आयोगाच्या तज्ज्ञांनाही ते प्रत्येक समर्थन तपासावे लागते.

यातली दुसरी अडचण बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आयोगाला आपला जवळपास सगळा खर्च परवानाधारकांकडून आणि अर्जदारांकडून वसूल करावा लागतो. अर्ज तपासणाऱ्या अभियंत्याच्या दर तासाचे बिल अर्जदाराला जाते आणि तो दर तासाला 300 डॉलरांच्या वर गेला होता. अनेक भट्ट्या चालवणाऱ्या जुन्या वीजकंपनीला हा भार पेलतो. जिच्याकडे अजून विकायला एक युनिट वीजही नाही, अशा नव्या कंपनीचे भांडवल मात्र प्रश्नोत्तरांतच झिजते. ॲडव्हान्स कायद्याने प्रगत अणुभट्ट्यांच्या अर्जदारांसाठी हा दर साधारण निम्म्यावर आणण्याची तरतूद केली. मला ती या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची तरतूद वाटते, कारण तिने तपासणी सैल न करता केवळ प्रवेशाचा खर्च कमी केला.

आधीच्या कायद्यांपैकी सप्टेंबर 2018 चा कायदा संशोधनाचा होता. त्यातून आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत नव्या भट्ट्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी केंद्र उभे राहिले. जानेवारी 2019 च्या कायद्याने आयोगाला बजावले की कोणत्याही तंत्रज्ञानाला लागू पडेल अशी नवी नियमावली 2027 संपण्यापूर्वी तयार करा. ‘भाग 53’ या नावाने ओळखली जाणारी नियमावली त्यातूनच आली. तिचा रोख विशिष्ट यंत्रणा आहे की नाही यापेक्षा जोखीम किती आणि ती कशाने आटोक्यात राहते, यावर आहे. डिसेंबर 2020 च्या ऊर्जा कायद्याने प्रात्यक्षिक भट्ट्यांच्या कार्यक्रमाला कायदेशीर बैठक दिली आणि 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्यासाठी सुमारे 2.5 अब्ज डॉलर प्रत्यक्ष दिले. त्यातूनच वायोमिंगमधील केमरर येथील टेरापॉवरच्या 345 मेगावॉटच्या सोडियम भट्टीला आणि एक्स-एनर्जीच्या हेलियम भट्टीला निम्म्या खर्चाचा सरकारी वाटा मिळतो आहे.

इंधनाविषयी पुढे सविस्तर लिहीन. तत्पूर्वी इतरांची मते वाचायला आवडतील, विशेषतः नियामकाच्या स्वातंत्र्याविषयी.

विधिज्ञा

मांडणी आवडली, परंतु ॲडव्हान्स कायद्यातील ज्या तरतुदीवर सर्वाधिक वाद झाला तिचा उल्लेख राहिला आहे. या कायद्याने आयोगाला आपले ध्येयविधान बदलायला सांगितले. परवाना आणि नियमन कार्यक्षम असावे आणि त्यामुळे अणुऊर्जेच्या नागरी वापरावर व समाजाला होणाऱ्या लाभांवर अनावश्यक मर्यादा येऊ नये, असा आशय त्यात घालणे बंधनकारक झाले. समर्थक म्हणतात की अणुभट्टी न उभारण्याचीही किंमत असते, कारण तिच्या जागी कोळसा किंवा वायू जळतो, आणि नियामकाने ती किंमत नजरेआड करू नये. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. तरीही 1974 मध्ये जी भिंत विचारपूर्वक उभारली गेली, तिच्यात एक खिडकी पाडली गेली, हे मान्य केलेच पाहिजे.

माझी खरी चिंता कायद्यापेक्षा त्यानंतरच्या घडामोडींची आहे. 23 मे 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अणुऊर्जेविषयी चार कार्यकारी आदेश काढले. त्यातल्या एकाने आयोगाला नव्या भट्ट्यांच्या अर्जांवर 18 महिन्यांत अंतिम निर्णय देण्याची मुदत घालून दिली आणि नियमांची आमूलाग्र फेररचना करायला सांगितले. पुढच्याच महिन्यात आयोगाचे एक सदस्य ख्रिस्तोफर हॅन्सन यांना मुदत संपण्यापूर्वी पदावरून दूर करण्यात आले. काँग्रेसने कायदा केला तेव्हा दोन्ही पक्षांत चर्चा झाली, दुरुस्त्या झाल्या, सुनावण्या झाल्या; कार्यकारी आदेशाला त्यातले काहीच लागत नाही. ॲडव्हान्स कायद्यातही मुदती आहेत. उदाहरणार्थ, ज्या जागेवर आधीच अणुभट्टी आहे तिथल्या पात्र अर्जावर 25 महिन्यांत निर्णय घ्यावा असे त्यात म्हटले आहे. पण ती सवलत अटी पूर्ण करणाऱ्या, आधीच तपासल्या गेलेल्या आराखड्यांपुरती आहे. सरसकट 18 महिने ही वेगळीच गोष्ट आहे. एखादा आराखडा पूर्वी कोणीच तपासलेला नसेल, तर तपासणीला किती काळ लागेल हे त्या आराखड्यातील अनिश्चिततेवर ठरायला हवे.

शिवाय, आयोग हा अडथळाच आहे हे गृहीतक पुराव्यावर टिकत नाही. जानेवारी 2022 मध्ये आयोगाने ओक्लो या कंपनीचा अर्ज फेटाळला, तो संभाव्य अपघात आणि सुरक्षा यंत्रणा यांविषयी पुरेशी माहिती न दिल्यामुळे. याउलट टेनेसीतील ओक रिज येथील कैरॉस कंपनीच्या हर्मिस या प्रायोगिक भट्टीला डिसेंबर 2023 मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. ही भट्टी पाण्याने थंड होणारी नाही. तिच्यात वितळलेल्या फ्लोराइड क्षारांचा वापर आहे. तरीही जुन्याच नियमांखाली अर्ज ते परवाना हा प्रवास दोन वर्षांच्या आसपास पूर्ण झाला. अर्ज चोख असेल तर जुनी वाटही चालता येते.

तप्तधातू

विधिज्ञा यांनी अनिश्चिततेचा मुद्दा काढला, त्याला अभियांत्रिकीची जोड द्यावीशी वाटते. प्रगत भट्ट्यांसाठी नियम वेगळे हवेत, ही मागणी कंपन्यांनी केवळ सोयीसाठी पुढे केलेली नाही. तिच्यामागे ठोस प्रयोग आहेत.

3 एप्रिल 1986 रोजी आयडाहोमधील ईबीआर-2 या सोडियमने थंड होणाऱ्या लहान भट्टीवर दोन चाचण्या घेण्यात आल्या. सकाळी भट्टी पूर्ण क्षमतेने चालू असताना गाभ्यातून सोडियम फिरवणारे मुख्य पंप बंद केले आणि भट्टी आपोआप बंद करणारी यंत्रणा मुद्दाम निष्क्रिय ठेवली. तापमान झपाट्याने चढले, धातूरूप इंधन आणि गाभ्याची रचना उष्णतेने प्रसरण पावली, त्यामुळे अधिक न्यूट्रॉन गाभ्याबाहेर निसटू लागले आणि साखळी प्रक्रिया स्वतःहून मंदावली. नियंत्रणदांड्या जागच्या हलल्या नाहीत, कोणी बटण दाबले नाही, तरी काही मिनिटांत तापमान स्थिरावले. दुपारी भट्टी पुन्हा सुरू करून उष्णता बाहेर वाहून नेणारी वाटच बंद केली, तेव्हाही तेच घडले. चेर्नोबिलचा अपघात त्यानंतर तीन आठवड्यांनी झाला. जगाने चेर्नोबिल लक्षात ठेवले हे योग्यच झाले; परंतु आयडाहोतील तो दिवस फारच थोड्यांच्या लक्षात राहिला, आणि 1994 मध्ये तर काँग्रेसने त्या कार्यक्रमाचा निधीच थांबवला.

अशा गुणधर्मांचे श्रेय नियमांत मिळायला हवे. आयोगाने 2023 च्या अखेरीस एक नियम असा केला की लहान आणि प्रगत भट्ट्यांभोवतीचे आपत्कालीन नियोजनक्षेत्र प्रत्यक्ष धोक्याच्या प्रमाणात ठरवता येईल; मोठ्या भट्ट्यांसाठी ते सुमारे 10 मैलांचे असते. हा बदल मला रास्त वाटतो.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही आयोगासमोर असायला हवी. मिशिगनमधील फर्मी-1 हीसुद्धा सोडियम भट्टीच होती. 5 ऑक्टोबर 1966 रोजी तिच्या तळाशी बसवलेला झिर्कोनियमचा एक पत्रा सुटला, सोडियमच्या वाटेत अडकला आणि इंधनाचे दोन संच अंशतः वितळले. किरणोत्सार बाहेर पडला नाही, पण कारण शोधायला आणि दुरुस्तीला कित्येक वर्षे गेली. कोलोरॅडोतील फोर्ट सेंट व्रेन ही हेलियम भट्टी सुरक्षित होती, पण यंत्रांत पाणी शिरण्याच्या तक्रारींनी इतकी बेजार झाली की 1989 मध्ये ती बंद करावी लागली. भौतिकशास्त्र बाजूने असले तरी पत्रे, झडपा आणि सांधे यांची परीक्षा वेगळी घ्यावी लागते, आणि ती परीक्षा घेणाऱ्याला घाई करून चालत नाही.

ताळेबंद

चर्चा परवान्याभोवती फिरते आहे, म्हणून पैशाची बाजू मांडतो. न्यूस्केल या कंपनीला परवान्याची वाट पार करता आली होती. तिच्या 50 मेगावॉटच्या लहान भट्टीचा आराखडा आयोगाने जानेवारी 2023 मध्ये प्रमाणित केला. युटा आणि शेजारच्या राज्यांतील नगरपालिकांच्या वीजसंघासाठी आयडाहोमध्ये 77 मेगावॉटची सहा युनिटे, म्हणजे 462 मेगावॉटचा प्रकल्प उभारायचे ठरले होते. त्याचा अंदाजित खर्च 5.3 अब्ज डॉलरांवरून 9.3 अब्जांवर गेला आणि विजेचा अपेक्षित दर मेगावॉट-तासाला 58 डॉलरांवरून 89 डॉलरांवर चढला. हा 89 चा आकडा 2022 च्या चलनवाढ-नियंत्रण कायद्यातली करसवलत धरून होता. नगरपालिका एकेक करून मागे हटल्या आणि नोव्हेंबर 2023 मध्ये प्रकल्प रद्द झाला. इथे कोणत्याही नियामकाने कोणाला अडवले नव्हते. जॉर्जियातील व्होग्टल प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीचे परवाने 2012 मध्येच मिळाले होते, तरी त्या 2023 आणि 2024 मध्ये सुरू झाल्या आणि एकूण खर्च 30 अब्ज डॉलरांच्या वर गेला.

अमेरिकी पद्धतीतला एक भेद इथे समजून घ्यायला हवा. काँग्रेस एखाद्या कार्यक्रमाला मान्यता देते तो एक कायदा, आणि त्यासाठी तिजोरीतून पैसे काढू देते तो दुसरा. पहिला झाला म्हणून दुसरा होतोच असे नाही. वेगवान न्यूट्रॉनांच्या चाचणी भट्टीचे उदाहरण बोलके आहे. 2018 च्या कायद्याने तिला चालना दिली, 2020 च्या कायद्याने तिला मान्यता दिली, आणि पुढच्या वर्षांच्या खर्चविधेयकांत तिच्यासाठी एक डॉलरही ठेवला गेला नाही. परिणामी नव्या इंधनांची आणि धातूंची चाचणी घेण्याची मोठी सोय आजही देशात नाही. करसवलतींची गोष्ट त्या मानाने बरी आहे. 4 जुलै 2025 च्या मोठ्या करविधेयकात पवन आणि सौर ऊर्जेच्या सवलतींना कात्री लागली, परंतु नव्या अणुभट्ट्यांची सवलत पुढच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत टिकली. ज्या प्रकल्पाला दहा वर्षे लागतात, त्याला सवलतीच्या आकड्यापेक्षा ती किती काळ टिकेल याची खात्री अधिक उपयोगी पडते.

उत्तरायण

उत्तम धागा. एक छोटी शंका आहे. ॲडव्हान्स कायद्यात भारताचा नावाने उल्लेख आहे असे ऐकले होते. ते खरे आहे का?

विधिज्ञा

उत्तरायण, खरे आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे परदेशी मालकीच्या किंवा परदेशी नियंत्रणाखालील कंपनीला अमेरिकेत अणुभट्टीचा परवाना मिळत नसे. ॲडव्हान्स कायद्याने ही बंदी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचे सदस्य देश आणि भारत यांच्यापुरती शिथिल केली. भारत त्या संघटनेचा सदस्य नाही, म्हणून त्याचे नाव वेगळे घालावे लागले. परवाना राष्ट्रीय सुरक्षेला किंवा जनतेच्या आरोग्याला बाधक नसल्याची खात्री मात्र आयोगाने करून घ्यायची आहे. ही तरतूद अमेरिकेतील भट्ट्यांच्या मालकीविषयी आहे; भारतात भट्टी विकण्याशी तिचा थेट संबंध नाही, आणि त्याबद्दलची वेगळी चर्चा इथे नको.

ऊर्जावेध

आता इंधनाविषयी. आज अमेरिकेत चालू असलेल्या वीजभट्ट्यांना 5 टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले, म्हणजे विखंडनक्षम (फुटून ऊर्जा देणाऱ्या) अणूंचे प्रमाण तेवढे वाढवलेले युरेनियम पुरते. प्रगत भट्ट्यांच्या अनेक आराखड्यांना 5 ते 20 टक्क्यांच्या दरम्यानचे समृद्धीकरण लागते. त्या इंधनाला तिथे ‘हेलू’ म्हणतात. गाभा लहान ठेवायचा आणि इंधन दीर्घकाळ बदलायचे नाही, तर विखंडनक्षम अणूंचे प्रमाण वाढवावेच लागते. ही अनेक वर्षे ठाऊक असलेली गोष्ट होती, आणि तरीही व्यापारी प्रमाणावर हे इंधन विकणारा एकच देश होता, तो म्हणजे रशिया. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि तो पुरवठा गृहीत धरणे अशक्य झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस टेरापॉवरने जाहीर केले की इंधनाअभावी केमररचा प्रकल्प किमान दोन वर्षे लांबणीवर पडेल. आयोगाकडे बांधकामाचा अर्ज जाण्यापूर्वीच हा विलंब ठरून गेला होता.

काँग्रेसने काय केले? 2020 च्या कायद्यात या इंधनाच्या उपलब्धतेचा कार्यक्रम होता, पण त्याला खऱ्या अर्थाने पैसे मिळाले ते 2022 च्या त्याच चलनवाढ-नियंत्रण कायद्यातून, आणि तेही 70 कोटी डॉलर. ओहायोतील पाइकटन येथे सेंट्रस कंपनीने ऑक्टोबर 2023 मध्ये सोळा सेंट्रिफ्यूजच्या (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या) छोट्या साखळीत उत्पादन सुरू केले, नोव्हेंबरात पहिले 20 किलो दिले आणि 2025 च्या मध्यापर्यंत एकूण 900 किलोंचा टप्पा गाठला. ऊर्जा खात्याचा अंदाज असा होता की 2030 पर्यंत 40 टनांहून अधिक इंधन लागेल. या दोन आकड्यांमधले अंतर कोणत्याही परवाना-सुधारणेने भरून निघणार नाही.

मे 2024 मध्ये रशियन युरेनियमच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा झाला. त्याच्यासोबत देशांतर्गत समृद्धीकरणासाठी राखून ठेवलेले सुमारे 2.7 अब्ज डॉलर मोकळे झाले आणि चालू भट्ट्यांची अडचण होऊ नये म्हणून 2027 च्या अखेरपर्यंत सवलतीची सोय ठेवली गेली. हा निर्णय योग्य होता, आणि तो पाच वर्षे आधी व्हायला हवा होता. समृद्धीकरणाचा कारखाना उभारणाऱ्याला गिऱ्हाईक हवे असते, भट्टी उभारणाऱ्याला इंधनाची हमी हवी असते, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत थांबतात. ही कोंडी फोडण्याचे सामर्थ्य फक्त सरकारकडे आहे. सरकारने स्वतः इंधन विकत घेऊन साठवण्याची जबाबदारी पत्करली तरच कारखाना वेळेत उभा राहील. ताळेबंद यांनी मान्यता आणि निधी यांतला जो भेद सांगितला, तो इथे सर्वाधिक जाचक ठरला.

भूस्तर

इंधनाच्या पुढच्या टोकाविषयी एवढे बोलणे झाले, तर मागच्या टोकाविषयीही व्हावे. 1982 च्या अणुकचरा धोरण कायद्याने सरकारवर बंधन घातले होते की 31 जानेवारी 1998 पासून वीजकंपन्यांकडून वापरलेले इंधन ताब्यात घ्यावे. 1987 च्या दुरुस्तीने त्यासाठी नेव्हाडातील युक्का पर्वत ही एकच जागा मुक्रर केली. राज्याचा विरोध कधीच मावळला नाही आणि 2010 च्या सुमारास काम थांबले. आज सुमारे 90,000 टन वापरलेले इंधन देशभर विखुरलेले आहे. न्यायालयांच्या आदेशांवरून वीजकंपन्यांना द्याव्या लागलेल्या भरपाईने 10 अब्ज डॉलर ओलांडले आहेत.

प्रगत भट्ट्यांच्या कायद्यांत या प्रश्नाला जवळजवळ स्थान नाही, आणि हे मला खटकते. कारण नव्या भट्ट्यांचा कचरा जुन्यासारखा नाही. ज्या ईबीआर-2 चे तप्तधातू यांनी यथार्थ कौतुक केले, तिच्या इंधनात धातूला चिकटलेले सोडियम होते. सोडियम पाण्याशी तीव्र अभिक्रिया करते, त्यामुळे ते इंधन आहे तसे जमिनीत पुरता येत नाही. ऊर्जा खात्याने 2000 साली त्यावर विद्युतरासायनिक प्रक्रिया करण्याचा निर्णय घेतला आणि ते काम अतिशय संथ चालले आहे. हेलियम भट्ट्यांतील ग्राफाइटच्या गोळ्यांत इंधन उत्तम बंदिस्त राहते, पण त्यामुळे कचऱ्याचे आकारमान वाढते. नव्या भट्टीला परवाना देताना, तिच्या वापरलेल्या इंधनाचे स्वरूप कोणते असेल आणि ते पुरण्याजोगे करण्याचा खर्च कोण उचलणार, हे अर्जातच मांडणे कायद्याने अनिवार्य का नसावे?

ऊर्जावेध

भूस्तर, हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला पाठिंबा देतो. 1982 च्या कायद्यात पैशाची सोय नीट केलेली होती: दर युनिट विजेमागे सेंटचा एक दशांश भाग कचरा निधीत जमा होत असे. 2013 मध्ये न्यायालयाने ठरवले की जागाच निश्चित नसताना हे शुल्क घेणे समर्थनीय नाही, आणि 2014 पासून ते थांबले. निधीत 40 अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम पडून आहे, परंतु ती खर्च करण्यासाठीही काँग्रेसची मंजुरी लागते. म्हणून पुढच्या विधेयकात तीन गोष्टी एकत्र याव्यात असे मला वाटते. जागानिवडीचे काम एका राज्यावर न लादता संमतीने करणारी नवी संस्था असावी. तिला त्या निधीवर वार्षिक मंजुरीविना हक्क असावा. आणि तुम्ही सुचवलेली अट परवान्याच्या अर्जात असावी. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे, कारण ‘भाग 53’ च्या चौकटीत ती बसवायला नवा पैसा लागत नाही.